वाचक विचारतात : नव्या शिक्षकाला पुण्यात घर शोधून देताना

शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घराचा विषय वाढतो. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड झालेल्या अनेक उमेदवारांना आपला जिल्हा सोडून दूर रुजू व्हावे लागते, आणि त्यांतल्या कित्येकांवर मोठ्या शहरात बिऱ्हाड करण्याची ही पहिलीच वेळ असते. या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे पुण्याविषयीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची अनुदानित माध्यमिक शाळा पुण्याच्या मध्यवस्तीत, मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येत्या जूनमध्ये आमच्याकडे तीन शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षे मानधनावर असणारे नवे शिक्षक) रुजू होत आहेत. दोघे मराठवाड्यातले आहेत, एक जण यवतमाळ जिल्ह्यातला आहे, आणि तिघांचेही पुण्यात ओळखीचे कोणी नाही. मागील भरतीत आलेल्या एका शिक्षकाला पहिल्याच सत्रात दोनदा जागा बदलावी लागली आणि त्याचा ताण वर्गावर पडलेला मला दिसत होता. ‘घर शोधून देणे हे शाळेचे काम नाही’ असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही; परंतु नेमकी कोणती मदत करावी आणि कोठे थांबावे, हे समजत नाही.
— एक मुख्याध्यापिका, पुणे

उत्तर : बाई, आपल्याला ते पटत नाही हेच योग्य आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहावे, असा आग्रह शासन वर्षानुवर्षे धरत आले आहे. त्यासाठी ग्रामसभेचे ठराव आणि घरभाडे भत्त्याची अट इथपर्यंत प्रकरणे गेली. शहरात रुजू होणाऱ्या शिक्षकाने मात्र कोठे आणि कसे राहावे याची चौकशी कोणीच करत नाही. शाळेने ती केली तर त्या शिक्षकाचे पहिले वर्ष बरेच सुकर होते, आणि ते वर्ष त्याच्याइतकेच मुलांचेही असते.

मदतीची सुरुवात पैशाचा खरा हिशेब मांडून करावी. माध्यमिक शिक्षण सेवकाला दरमहा १८,००० रुपये मानधन मिळते. प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरावर ते १६,००० आणि उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये आहे. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यापूर्वी प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये मिळत. तीन वर्षांचा हा काळ ठरावीक मानधनाचा असल्याने नियमित शिक्षकाला मिळणारा घरभाडे भत्ता यात नसतो. पुरुष शिक्षकाच्या मानधनातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर तो माफ आहे. याहून मोठी अडचण पहिल्या मानधनाची आहे. अनुदानित शाळेत शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता मिळून शालार्थ या वेतन प्रणालीतला क्रमांक येईपर्यंत वेतन देयकात नाव लागत नाही, आणि त्यात किती महिने जातील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे आपल्याला ठाऊक आहे. पण यवतमाळहून येणाऱ्या मुलाला बहुधा ठाऊक नसते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पैसे हाती येतील असे धरून त्याने डिपॉझिट कबूल केले, तर तो उसनवारीत अडकतो. म्हणून रुजू होण्याआधीच त्याला फोन करून हे स्पष्ट सांगावे आणि किमान तीन-चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज करून येण्यास सुचवावे. बातमी कटू असली तरी ती आधी कळणे त्याच्या हिताचे आहे.

डिपॉझिटच्या बाबतीत शाळेतील सहकारी मोठे काम करू शकतात. शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज सहसा नियमित वेतन सुरू झाल्यावरच मिळते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी ते उपयोगी पडत नाही. त्याऐवजी शिक्षकवृंदाने स्वेच्छेने एक छोटा निधी उभा करावा, त्यातून नव्या शिक्षकाला डिपॉझिटपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी आणि मानधन सुरू झाल्यावर ती हप्त्यांनी परत घ्यावी. रक्कम, हप्ता आणि तारीख एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. लिहून ठेवल्याने अविश्वास दिसत नाही, उलट पुढची अवघडलेली स्थिती टळते. हा निधी शाळेच्या कोणत्याही खात्यात मिसळू नये.

जागेचा शोध दोन टप्प्यांत करावा, असे माझे ठाम मत आहे. पहिला महिना तात्पुरत्या मुक्कामाचा असावा. पेठांमध्ये, विशेषतः सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत, कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळते आणि तेथे मेस व डबे यांची कमतरता नाही; आपल्या शाळेपासून हा सारा भाग जवळ आहे. तेवढ्या महिन्यात शिक्षकाला शाळेची वेळ, रस्ते आणि स्वतःच्या सवयी कळतात, आणि मग तो स्वतः निवड करू शकतो. मात्र कॉट बेसिसवरच वर्ष काढण्याचा सल्ला मी देणार नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी भरलेल्या खोलीत रात्री एकपर्यंत दिवा जळतो. ज्याला सकाळी सातला परिपाठाला उभे राहायचे आहे, त्याला ते झेपत नाही. वह्यांचे गठ्ठे ठेवायला आणि तपासायला एक टेबल, रात्री वेळेवर झोप आणि सकाळी रांगेविना स्नानगृह, एवढे तरी शिक्षकाच्या घरी असायला हवे. जूनच्या सुमारास प्रवेशासाठी आलेले विद्यार्थीही जागा शोधत असतात, त्यामुळे शक्य असेल तर मे महिन्यातच कोणीतरी शाळेच्या वतीने दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवावे.

पुढच्या, कायमच्या जागेसाठी शाळेला केंद्र धरून वर्तुळ काढण्यापेक्षा थेट वाहन कोठून मिळते ते पाहावे. आपल्या शाळेला यात मोठी सोय आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते स्वारगेट ही मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण मार्गावर धावते आणि मंडईला तिचे स्थानक आहे. म्हणजे दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी अशा भागांत राहणारा माणूस गाडी न बदलता, सिग्नलला न अडकता शाळेजवळ उतरतो. अंतराने जवळ असलेल्या, पण दोन बसगाड्या बदलाव्या लागणाऱ्या भागापेक्षा हे बरे. दापोडी आणि कासारवाडी येथून पुणे–लोणावळा लोकलही मिळते, तिचा मासिक पास स्वस्त पडतो आणि मेट्रो बंद पडल्यास तो दुसरा मार्ग हाताशी राहतो. भाडे आणि महिन्याचा प्रवासखर्च नेहमी एकत्र मिळवून पाहावा. भाड्यात वाचलेले हजार रुपये रिक्षात गेले तर त्या बचतीला अर्थ नाही.

घरे मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग शाळेच्या परिचयातच असतो. माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, जुने पालक यांच्यापैकी कोणाची तरी वरची खोली किंवा छोटा फ्लॅट रिकामा असतो, आणि शाळेच्या शिक्षकाला तो देण्यास ते आनंदाने तयार होतात. यात एजंटची एका महिन्याच्या भाड्याइतकी दलालीही वाचते. एक पथ्य मात्र पाळावे : ज्या वर्गाला तो शिक्षक शिकवणार आहे, त्या वर्गातील मुलाच्या घरी त्याने भाड्याने राहू नये. भाड्याला चार दिवस उशीर झाला किंवा नळ गळण्यावरून बोलाचाली झाली, तर त्याचा त्रास त्या मुलाला होतो. आणि कोठे थांबावे, असे आपण विचारले आहे. जागा दाखवावी, सोबत जावे, ओळखपत्र म्हणून शाळेचे पत्र द्यावे. परंतु भाड्याची हमी शाळेने किंवा आपण व्यक्तिशः घेऊ नये, आणि अखेरची निवड त्या शिक्षकालाच करू द्यावी.

प्रश्न : माझी नियुक्ती सहकारनगर भागातील प्राथमिक शाळेत झाली आहे. पत्नी व तीन वर्षांचा मुलगा यांच्यासह नांदेड जिल्ह्यातून येणार आहे. नऱ्हे आणि आंबेगाव येथे वन बीएचके परवडेल असे दिसते. धनकवडीत तेवढ्याच पैशांत एकच खोली मिळते. एका नातेवाइकाने सिंहगड रस्त्यावर तळमजल्याचा फ्लॅट कमी भाड्यात सुचवला आहे. निवड कशी करावी?
— एक शिक्षण सेवक

उत्तर : तीन वर्षांचे मूल सोबत आहे, म्हणून मी सर्वप्रथम पाण्याचा विचार करेन आणि भाड्याचा त्यानंतर. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. आंबेगाव पहिल्या तुकडीत होते, नऱ्हे दुसऱ्या. या गावांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागाहून येत आहेत, त्यामुळे अनेक सोसायट्या आजही बोअरच्या व टँकरच्या पाण्यावर चालतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुईलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा तपासात दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले होते. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. त्या भागात हजारो कुटुंबे राहतात आणि चांगल्या सोसायट्याही आहेत. परंतु जागा पाहताना घरमालकाला पुढील गोष्टी अगदी स्पष्ट विचाराव्यात : पालिकेचे पाणी येते का, किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेले आहेत की वेगळे द्यावे लागतात. घरमालकाच्या उत्तरावर न थांबता त्याच जिन्यावरील एखाद्या गृहिणीला हेच विचारावे. तिच्याकडून खरी माहिती मिळते. पिण्याचे पाणी मात्र कोठेही राहिलात तरी उकळूनच वापरावे.

तळमजल्याच्या फ्लॅटबाबत अधिक सावध राहा. सिंहगड रस्ता मुठेच्या काठाने जातो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे एकतानगरी आणि निंबजनगर भागातील सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. आपल्या शाळेच्या बाजूलाही हा प्रश्न आहेच : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रज, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या पट्ट्यात मोठी हानी केली आणि त्यात माणसे दगावली. तेव्हा फ्लॅट नदीपासून किंवा ओढ्यापासून किती अंतरावर आहे हे स्वतः चालत जाऊन पाहावे, कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते पाहावे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्या दोन्ही वर्षांविषयी विचारावे. भाडे कमी का आहे याचे उत्तर अनेकदा तेथेच मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचे घर त्याच सोसायटीत मिळत असेल, तर थोडे अधिक भाडे देणे मी योग्य मानेन.

आता अंतराविषयी. नऱ्ह्याहून सहकारनगरला येताना महामार्ग आणि नवले पुलाचा परिसर ओलांडावा लागतो. तेथील कोंडी आणि उताराच्या रस्त्यावरील अपघात पुणेकरांना चांगलेच परिचित आहेत. रोज दुचाकीवरून हा रस्ता कापण्यापूर्वी विचार करावा. धनकवडीहून शाळा जवळ पडते, आणि कात्रज–स्वारगेट रस्त्यावर पीएमपीच्या बस भरपूर आहेत. एकच खोली असली तरी दुपारी घरी परतता येणे, मूल आजारी असेल तर मधल्या सुट्टीत फेरी मारता येणे, याची किंमत चौरस फुटांत मोजता येत नाही. शाळेची वेळ मात्र आधी नक्की विचारून घ्या. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय काढला, तरी दोन सत्रांत चालणाऱ्या इमारतींमध्ये वरचे वर्ग सकाळी लवकर भरतात. तुम्हाला कोणता वर्ग मिळतो यावर तुमची सकाळ ठरेल. शक्य असल्यास जागा नक्की करण्यापूर्वी एका कामाच्या दिवशी, शाळेच्या नेमक्या वेळेला, त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा जाऊन या. रविवारी दुपारी पुण्यातला कोणताही रस्ता मोकळाच वाटतो.

तुमच्या पत्नींनी जागा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, असेही सुचवतो. दिवसभर त्या घरात आणि त्या वस्तीत त्यांना राहायचे आहे. अंगणवाडी किंवा बालवाडी, दवाखाना, भाजी आणि शेजार या गोष्टी त्या तुमच्यापेक्षा बारकाईने पाहतील.

प्रश्न : मी २६ वर्षांची असून येरवडा भागातील शाळेत रुजू होत आहे. ‘एकट्या मुलीला जागा देत नाही’ असे दोन घरमालकांनी फोनवर सांगितले. तिसऱ्यांनी होकार दिला. पण करार नोंदणी न करता नोटरीसमोर करू, त्यात तुमचाच खर्च वाचेल, असे ते म्हणतात. आणखी एका ठिकाणी फ्लॅट न पाहता ‘टोकन’ म्हणून पाच हजार रुपये पाठवा, असा निरोप आला आहे. काय करावे?
— एक शिक्षिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. सैन्यात किंवा परगावी बदली झाली आहे असे सांगून, सुंदर छायाचित्रे दाखवून, क्यूआर कोड पाठवणारे लोक बहुतेक फसवणूक करणारे असतात. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा पिन टाकावा लागत नाही, एवढे लक्षात ठेवा. कोणी फसवलेच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

नोटरीच्या प्रस्तावाला ठाम आणि सौम्य नकार द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे नोंदणी टाळण्यात खरा धोका त्यांचाच आहे, हे त्यांना शांतपणे समजावता येईल. खर्च किती, तेही सांगा. मुद्रांक शुल्क पाव टक्का असते. ते मुदतीतील एकूण भाडे आणि परतावा डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर आकारतात. समजा भाडे १२,००० रुपये, डिपॉझिट ४०,००० रुपये आणि मुदत अकरा महिने असेल, तर ती बेरीज १,३५,६६७ रुपये होते आणि त्यावरील शुल्क चारशे रुपयांच्या आत राहते. पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. ही नोंदणी ऑनलाइन होते, आधारवरील अंगठ्याचा ठसा घेऊन घरबसल्याही करता येते, आणि ती करून देणाऱ्यांचा मोबदला वेगळा असतो. सारा खर्च दोघांत निम्मा वाटून घ्या.

नोंदणीकृत करार तुम्हाला पुढेही लागणार आहे. बँकेतील पत्ता, गॅस जोडणी, मतदार यादी यांसाठी तो पुरावा म्हणून चालतो. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के प्रवेशांत भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून नोंदणीकृत करारच मागितला जातो, हे लवकरच तुमच्याही पाहण्यात येईल.

करार वाचताना तारखांकडे नीट पाहा, कारण शिक्षकांची अडचण नेमकी तेथे होते. जूनच्या मध्यावर सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार मेच्या मध्यावर संपतो. तेव्हा तुम्ही सुट्टीत गावी असाल, आणि सामान मात्र पुण्यातल्या बंद खोलीत असेल. मुदत संपूनही जागा ताब्यात राहिली, तर कलम २४ नुसार घरमालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून सुरुवातीलाच मुदत ३० जूनपर्यंत किंवा दोन वर्षांची मागून घ्या. अकरा महिन्यांचा आकडा केवळ प्रथेने आलेला आहे, कायद्याने लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतो. जागा मुदतीपूर्वी सोडायची झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून रंगकामाचे पैसे कापणार का, या तिन्ही गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात. घरात पाऊल ठेवतानाच भिंती, नळ, पंखे, गिझर यांची छायाचित्रे काढून घरमालकाला पाठवून ठेवा. भाडे रोखीने देऊ नका. ऑनलाइन दिलेल्या भाड्याची नोंद आपोआप राहते.

‘एकटी मुलगी’ या नकाराचे मला वाईट वाटते. नोकरी करणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या सज्ञान स्त्रीला शहरात असे ऐकावे लागू नये. परंतु तुमच्याजवळ वेळ थोडा आहे आणि त्या दोन घरमालकांचे मन वळवण्याचे काम तुमचे नाही. शाळेतील ज्येष्ठ शिक्षिकांना सोबत न्या, नियुक्तीपत्राची प्रत जवळ ठेवा, आणि सोसायटीतल्या एखाद्या काकूंची वरची खोली किंवा नोकरदार महिलांचे वसतिगृह यांपासून सुरुवात करा. वसतिगृह असेल तर रात्री परतण्याची वेळ आधी विचारून घ्या, कारण निवडणूक किंवा इतर शासकीय कामे लागली की शिक्षिकेला परतायला उशीर होतो. येरवड्याला मेट्रो स्थानक आहे. वनाज ते रामवाडी या मार्गावरील आयडियल कॉलनी, आनंदनगर आणि वनाज येथून तुम्ही थेट शाळेजवळ पोहोचू शकता, आणि कोथरूडच्या त्या बाजूला एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींची वस्ती मोठी आहे. तेथे भाडे थोडे अधिक पडेल. दोघी शिक्षिकांनी मिळून जागा घेतली तर ते आवाक्यात येईल. धानोरी आणि विश्रांतवाडीही तुम्हाला जवळची आहेत, मात्र धानोरीत पाण्याची चौकशी मागच्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे जरूर करा. जागा पसंत पडली की संध्याकाळी साडेसातला बस थांब्यापासून किंवा स्थानकापासून घरापर्यंत एकदा चालत जा. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का, हे तेव्हाच कळते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. कर्वेनगरमध्ये आमच्या सोसायटीत आमचा एक छोटा फ्लॅट रिकामा आहे. तो एखाद्या नव्या शिक्षकाला कमी भाड्यात द्यावा असे आम्हा दोघांना वाटते. काही कायदेशीर अडचण येईल का? सोसायटीचे सचिव अविवाहितांना परवानगी नाही असे सांगतात.
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, कमी भाडे घेण्यात कायद्याची कोणतीही अडचण नाही, आणि आपला विचार अत्यंत मोलाचा आहे. भाडे कमी असले तरी करार वर सांगितल्याप्रमाणे नोंदवाच. उपकाराच्या भावनेने तोंडी व्यवहार केला, तर दोन्ही बाजूंना नंतर बोलणे अवघड होते. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला देण्याचे काम घरमालकाचे आहे आणि ती ऑनलाइन देता येते. करार आणि ही पोलीस नोंद यांच्या प्रती सोसायटीला पत्रासोबत द्याव्यात आणि पोच घ्यावी.

सचिवांशी वाद घालण्यापूर्वी त्यांच्याकडे असा नियम उपविधींत कोठे आहे, हे लेखी मागा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क सोसायटी आपल्याकडून घेऊ शकते, मात्र १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. ते शुल्क आपण भरणार की भाडेकरू, हे करारात नमूद करावे. मानधनावर असलेल्या शिक्षकाकडून ते घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. सचिवांना शंका सभ्यतेविषयी असेल, तर होणाऱ्या भाडेकरूला एकदा सोबत नेऊन त्यांच्याशी भेट घालून द्या. शिक्षक समोर बसून बोलला की पुष्कळ सचिवांचा विरोध मावळतो.

योग्य भाडेकरू मिळवण्यासाठी एजंटकडे न जाता आपल्या परिसरातील दोन-तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना फ्लॅटची माहिती, भाडे व डिपॉझिट लिहून एक पत्र पाठवा. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याइतकेच ठेवता आले, किंवा ते दोन-तीन हप्त्यांत घेता आले, तर भाड्यातल्या सवलतीपेक्षाही त्याचा आधार मोठा वाटेल. आणि फ्लॅटमध्ये एक जुने टेबल, एक खुर्ची व पुस्तकांसाठी एखादी मांडणी पडून असेल, तर ती हलवू नका. नव्या शिक्षकाला तिचा रोज उपयोग होईल.